उत्तर कोकणातील पाण्याचा ताळेबंद : एका शेष राशीचा इतिहास

कौटिलीय अर्थशास्त्रात निरनिराळ्या प्रदेशांच्या पर्जन्याची द्रोणांमध्ये मापे दिलेली आहेत. अश्मक, अवंती इत्यादी देशांचे आकडे सांगणारा ग्रंथकार अपरांतापाशी येताच आकडा सोडतो आणि तेथील पाऊस अमाप असल्याचे नोंदवून पुढे जातो. त्या अपरांताच्या उत्तर भागातच आजची ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही शहरे वसलेली आहेत. येथील पाऊस आता अमाप राहिलेला नाही. परंतु भूमीवर उतरलेल्या पाण्यापैकी किती पाणी बाष्परूपाने पुन्हा वातावरणात जाते, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ मोजणीने नव्हे, तर वजाबाकीने काढले गेले. पाऊस मोजावा, नदीचा प्रवाह मोजावा, आणि उरेल ती तूट समजावी, ही ती रीत होय. या शेष राशीकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलत गेली, यातच येथील जलविज्ञानाचा इतिहास सामावलेला आहे.

पाऊस प्रथम का मोजला गेला, हे समजण्यास कठीण नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि १८७५ साली ब्लॅनफर्ड यांच्या नेतृत्वाखाली हवामान खाते अस्तित्वात आले. तालुक्याच्या कचेरीत पाच इंच व्यासाच्या तोंडाचे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी नोंद घेण्याची पद्धत रूढ झाली. या नोंदीमागे महसुलाची आणि दुष्काळाची चिंता होती. पडलेल्या पावसावर भाताचे पीक, आणि पिकावर सारा अवलंबून असे. वर जाणाऱ्या बाष्पावर कोणताही सारा बसत नव्हता; साहजिकच त्याची नोंदवहीही नव्हती.

बाष्पाची दखल घेणे भाग पडले ते मुंबईच्या पाणीपुरवठ्यामुळे. त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या साष्टी बेटावर विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. शहापूर तालुक्यातील तानसा १८९२ मध्ये. चार महिने भरणारा आणि आठ महिने पुरवावयाचा जलाशय बांधताना पाणलोटातून किती पाणी येईल, याचा अंदाज अपरिहार्य होता. स्ट्रेंज यांनी १८९२ मध्ये आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील निरीक्षणांवरून कोष्टके तयार केली. पुढे १९२९ मध्ये इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातील ५३ ठिकाणच्या प्रवाहमापनांवरून घाटप्रदेशासाठी एक सूत्र दिले : इंचांमधील वार्षिक पावसाचे ८५ टक्के घ्यावेत आणि त्यांतून १२ इंच वजा करावेत, बाकी राहील तो वाहून येणारा प्रवाह.

या सूत्राची परीक्षा उद्बोधक ठरते. वर्षाला १०० इंच पाऊस धरल्यास प्रवाह ७३ इंच आणि तूट २७ इंच येते. १२० इंच पाऊस धरल्यास प्रवाह ९० इंच आणि तूट ३० इंच. म्हणजे पाऊस वाढला की तूटही वाढते. परंतु अधिक पावसाच्या वर्षी आकाश अधिक काळ अभ्राच्छादित असते, ऊन कमी मिळते आणि हवा ओलाव्याने भरलेली असते. अशा स्थितीत बाष्पीभवनाला फारसा वाव उरत नाही. तेव्हा ही वाढीव तीन इंचांची तूट संपूर्णपणे बाष्पाची असणे संभवत नाही. भूगर्भात मुरलेले पाणी, मापनस्थळ चुकवून गेलेला प्रवाह आणि मोजणीतील दोष हे सर्व तिच्यात मिसळलेले असणार. धरण बांधणाऱ्या अभियंत्यास हा भेद करण्याची गरज नव्हती, आणि त्याच्या कामापुरते सूत्र उपयुक्तही होते. तथापि 'तूट' हा शब्द रूढ झाल्यामुळे भूमी व वातावरण यांच्यामधील देवघेव ही स्वतंत्रपणे अभ्यासण्याची वस्तू आहे, ही जाणीव मागे पडली.

ती जाणीव कृषिविज्ञानाच्या वाटेने परत आली. पुण्यात १९३२ साली हवामान खात्याची कृषिहवामान शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास यांनी कट्टी यांच्या सहकार्याने १९३४ मध्ये जमिनीतील ओलावा आणि जमिनीलगतच्या हवेतील ओलावा यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरभ्र ऋतूत पुण्याची काळी माती दिवसा हवेला ओलावा देते आणि रात्री हवेतून तो काही अंशी परत घेते, असे आढळले. एकतर्फी तुटीच्या जागी दुतर्फी विनिमय आला.

बाष्पीभवन बाष्पदाबाच्या फरकावर अवलंबून असते, हे डाल्टन यांनी १८०२ च्या सुमारास दाखवले होते. १९४८ साली इंग्लंडमध्ये पेनमन यांनी त्यास सौरऊर्जेच्या हिशेबाची जोड दिली. त्याच वर्षी अमेरिकेत थॉर्नथ्वेट यांनी तापमानावर आधारलेली सोपी रीत मांडली. आंध्र विद्यापीठातील व्ही. पी. सुब्रह्मण्यम् यांनी ती १९५६ मध्ये भारतास लावून पाहिली. दरम्यान वेधशाळांतून बाष्पीभवनपात्रेही आली. पशुपक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून भारतीय पात्रावर तारेची जाळी असते. तिच्यामुळे बाष्पीभवन घटते आणि त्याची दुरुस्ती गणितात करावी लागते. परंतु खरी अडचण जाळीची नव्हे. पात्रात पाणी नेहमीच असते, जमिनीत ते नेहमी नसते. पात्र हवेची मागणी दाखवते. भूमीचा पुरवठा दाखवत नाही.

ठाणे जिल्ह्यात हा भेद ऋतुमानाने तीव्र होतो. पावसाळ्यात भातखाचरांत पाणी उभे असते, पण ऊन नसते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन प्रखर असते, पण कातळावरील मातीच्या पातळ थरात ओलावा उरत नाही. जलाशय, खाडी आणि खोल मुळांचे वृक्ष एवढेच बाष्पाचे स्रोत राहतात. जुलैमधील हिशेबाची चूक पुराच्या पाण्यात दिसेनाशी होते. उन्हाळ्यात मात्र ही शेष राशी हाच बहुतांश हिशेब असतो.

त्यातही उल्हास खोऱ्याचा ताळेबंद केवळ पावसावरून मांडता येत नाही. भिवपुरीचे टाटा जलविद्युतकेंद्र १९२२ मध्ये सुरू झाल्यापासून आंध्रा नदीचे, म्हणजे मूळ भीमेच्या खोऱ्यातील, पाणी घाट उतरून उल्हास नदीस मिळते. कल्याण-डोंबिवलीच्या नळांत येणाऱ्या पाण्याचा काही अंश असा पूर्ववाहिनी नदीचा आहे. आवक जेथे दोन खोऱ्यांची, तेथे वजाबाकीने काढलेली राशी अधिकच शंकास्पद ठरते.

१९६९ मध्ये मानाबे यांनी वातावरणाच्या गणिती प्रतिमानात भूमीस एका बादलीचे रूप दिले : पंधरा सेंटिमीटर पाणी मावणारी बादली, भरून वाहिली की प्रवाह. पुढील प्रतिमानांत वनस्पती, मुळे व मातीचे थर आले आणि उपग्रहांची निरीक्षणेही जोडली गेली. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये मोसमी पावसातील किती अंश भूमीवरूनच वर गेलेल्या बाष्पाचा असतो, याची गणना केली. ऋतूच्या उत्तरार्धात हा अंश वाढतो, असे त्यांना दिसले. ज्यास तूट म्हटले जात होते, ते पुढील पावसाचे भांडवलही असते, हा त्याचा अर्थ.

एवढ्या प्रगतीनंतरही या प्रदेशापुरती एक उणीव उरतेच. २००० सालापासूनच्या मोडिस उपग्रहमापनांवर आधारलेल्या जागतिक बाष्पोत्सर्जन-नकाशात नागरी वस्ती, जलाशय आणि कायम पाणथळ भूमी यांना मूल्य दिले जात नाही; तेथे केवळ एक संकेतांक भरलेला असतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांची भूमी बव्हंशी याच तीन प्रकारांची आहे. २०११ च्या जनगणनेत या दोन महानगरपालिकांची लोकसंख्या मिळून तीस लाखांवर होती. जेथे खाचरे होती तेथे इमारती आणि रस्ते झाले, म्हणजे बाष्पाचा स्रोत आटला आणि प्रवाहाचा वेग वाढला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस पडला आणि उल्हासचे खोरेही पाण्याखाली गेले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. उलट तानसा व भातसा यांच्या शहापूर तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. पुरामागे आणि टंचाईमागे अनेक कारणे आहेत. पण दोहोंच्या पूर्वानुमानात भूमीने किती पाणी धरले आणि किती परत दिले, हा आकडा लागतोच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रतिमान कितीही सूक्ष्म असले, तरी ज्या राशीची प्रत्यक्ष मोजणी नाही, तिच्यात इतर सर्व राशींचे दोष येऊन साठतात, आणि त्या दोषांना निसर्गनियम समजण्याचा धोका राहतो. भातखाचर, वरकस जमीन, सागाचे रान, खाडीकाठ आणि दाट वस्ती या पाचही भूप्रकारांवर बाष्पप्रवाहाची सलग काही वर्षे मोजणी होणे, हे यास्तव या प्रदेशातील अभ्यासाचे पहिले कर्तव्य ठरते. पर्जन्यमापक तालुक्याच्या कचेरीत पोहोचला तेव्हा पाऊस अमाप राहिला नाही. बाष्पाच्या बाबतीत ती पायरी अद्याप चढावयाची आहे.