लेबलामागचा आकडा
* लेबल : एसईलिनक्स या लिनक्सच्या सुरक्षा-यंत्रणेत प्रत्येक फाइलला सुरक्षा-लेबल असते. पासवर्डांचे हॅश ठेवणाऱ्या शॅडो फाइलचे पाहा: ‘सिस्टम_यू:ऑब्जेक्ट_आर:शॅडो_टी:एस०’. दर वेळी एवढी लांबलचक अक्षरमाळ ताडून पाहायची तर कर्नल मेटाकुटीलाच येईल! म्हणून तो तिला ३२ बिटांचा आकडा देतो आणि पुढे आकड्यावरच भागवतो. परवानगी द्यायची की नाही, याचा एकदा लागलेला निकालही ‘एव्हीसी’ या कॅशमध्ये जपला जातो.

खरी अडचण पुढेच होती. अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांवर या कॅशपाशीच रांग लागू लागली. कॅशला कुलूप (लॉक) एकच ना! एनईसी कंपनीच्या काइगाई कोहेई यांनी तिथे आरसीयू पद्धत आणली. वाचणाऱ्याने कुलपाला हात लावायचा नाही, ते फक्त बदल करणाऱ्याने घ्यायचे. परवानग्यांचे नवे धोरण चढवले की मात्र जपलेले निकाल रद्द.