शहर सोडून पुन्हा खेड्यात? विकेंद्रित समाजमाध्यमे आणि आपला इतिहास

"मोठी समाजमाध्यमे सोडा, विकेंद्रित माध्यमांवर या," असा सल्ला आंबेडकरी तरुणांना गेली काही वर्षे दिला जातो. कर्वेनगरच्या आमच्या अभ्यासगटातले काही जण मॅस्टोडॉनवर जाऊन रुळलेही आहेत. सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे. परंतु बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडून शहरात जायला सांगितले होते, आणि हा सल्ला शहर सोडून लहान वस्तीत जा असे सांगतो. म्हणून तो आधी इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

प्रस्थापितांच्या माध्यमातून बाहेर पडून स्वतःचे घर बांधणे आपल्याला नवे नाही. १८७७ साली याच पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' सुरू केले, कारण सत्यशोधकांचे म्हणणे छापायला इथली पत्रे तयार नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले म्हणून पत्र उभे राहिले, पण १९२३ मध्ये बंद पडले. मग १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आला आणि १९२९ मध्ये थांबला. १९३० मध्ये 'जनता' आली, तिचेच १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. दर वेळी अडचण एकच होती. लिहिणारे हात होते, कागद, छपाई आणि टपालाचा खर्च कोण उचलणार हा प्रश्न होता.

आता अलीकडचा इतिहास पाहा. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले असताना ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचे पोस्टर हातात धरून त्यांनी फोटो काढला. गदारोळ होताच कंपनीने माघार घेतली आणि तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने माफी मागितली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद झाले. निमित्त होते नाझी सलाम न करणाऱ्या एका जर्मन माणसाच्या जुन्या छायाचित्राचे. त्याच सुमारास दिलीप मंडल यांच्या खात्यावरही निर्बंध आले आणि ट्विटर जातीयवादी आहे, असा आरोप बहुजन तरुणांनी हॅशटॅग चालवून उघडपणे केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले, ते या पार्श्वभूमीवर. ऑक्टोबर २०२२ मध्ये एलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून दुसरी लाट आली.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने सुरू केले. त्याला एक मालक नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत आणि ते ईमेलसारखे एकमेकांशी बोलतात. प्रत्येक सर्व्हरचा चालक आपले नियम करतो आणि नको असलेल्या सर्व्हरशी संबंध तोडू शकतो. सभासदाला जागा पटली नाही तर तो आपले अनुयायी घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ शकतो.

इथेच आमचा मुद्दा सुरू होतो. सर्व्हर म्हणजे खेडे असेल, तर त्या खेड्याचा पाटील कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ग्रामगौरवाचा बुरखा फाडला आणि खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. सत्ता लहान झाली म्हणून ती न्यायी होत नाही, हे गावकुसाबाहेर राहिलेल्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तंत्रज्ञानाचेही तसेच आहे. द्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेले अमेरिकेतील गॅब २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्याच कोडवर गेले. अनेक सर्व्हरनी त्याच्याशी संबंध तोडले, ही विकेंद्रीकरणाची जमेची बाजू. पण २०२० मध्ये 'स्वदेशी' म्हणून गाजावाजा झालेले टूटरही त्याच वंशातल्या कोडवर उभे होते. कोड कोणाचीही बाजू घेत नाही.

नियम लिहिला की काम झाले, असेही नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने बोले ठराव केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसांना ते पाणी पिता आले नाही. "छळ चालणार नाही" असे सर्व्हरच्या दारावर लिहिलेले असते. परंतु मराठीतली जातिवाचक शिवी युरोपातल्या चालकाला कळणार कशी? आमच्या गटाने तक्रार केली, तर उत्तर आले की यात आक्षेपार्ह काही दिसत नाही.

आम्ही राहतो त्या कर्वेनगरचाच दाखला घ्या. सनातनी पुण्यापासून दूर, हिंगण्याच्या माळावर धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली झोपडीत विधवांचा आश्रम नेला. शहराबाहेर वेगळे घर बांधण्याचे ते धाडसच होते. पण त्या घराचे दार सुरुवातीला उच्चवर्णीय विधवांसाठीच उघडे होते. बंडखोराने बांधले म्हणून घर आपोआप सर्वांचे होत नाही.

मग जायचे की नाही? जायचे, पण अटी घालून. नियमांत 'जात' हा शब्द स्पष्ट हवा. तक्रारी पाहणाऱ्यांत मराठी आणि हिंदी जाणणारी, जातीचे चटके सोसलेली माणसे हवीत. सर्व्हरचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागावा आणि हिशेब उघड असावा. आणि मोठ्या माध्यमावरची जागा रिकामी करू नये, कारण आपल्यावरची खोटी टीका तिथेच होते आणि उत्तरही तिथेच द्यावे लागते. बाबासाहेब स्वतःचे पत्र चालवत होते, त्याच काळात कायदे मंडळात आणि गोलमेज परिषदेतही बोलत होते.

'मूकनायक' तीन वर्षांत बंद पडला, तो विचार संपला म्हणून नव्हे. आपला सर्व्हर हवा असेल, तर वर्गणीची पहिली यादी आधी करू या.

जयभीम!