पुराचा वेग फोटोत कसा सापडला

पूर आला की आपण पहिल्यांदा विचारतो, पाणी किती फुटांवर गेलं? सांगलीकरांचा जीव तर आयर्विन पुलाच्या त्या आकड्यावर टांगलेला असतो. पण ती झाली पातळी. सेकंदाला किती पाणी पुढे जातंय, म्हणजे विसर्ग किती, हे काढायला नदीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग, दोन्ही लागतात. इटलीच्या बेनेदेत्तो कास्तेल्लीने हे १६२८ सालीच मांडलं होतं. अडतं ते वेगापाशी. ऐन पुरात पाण्यात यंत्र सोडावं, तर वाहत येणारी झाडं ते मोडून टाकतात.

वाट सापडली ती एका चुकीतून. नकाशासाठी विमानातून पाठोपाठ घेतलेले दोन फोटो दुर्बिणीसारख्या यंत्राखाली शेजारी ठेवले, की जमिनीचे उंचसखल भाग उठून दिसतात. नदी मात्र फसवायची. विमानाच्या उलट दिशेने वाहणारं पाणी फुगून वर आल्यासारखं दिसे, त्याच दिशेने वाहणारं खोल गेल्यासारखं. दोन फोटोंच्या मधल्या काही सेकंदांत पाणी सरकलेलं असायचं, एवढंच! हा भास म्हणजेच वेगाचं माप आहे, हे कॅनडाच्या एच. एल. कॅमेरॉन यांनी १९५२ साली दाखवलं. या भासाला आजही त्यांचंच नाव आहे.

हिशेब साधा आहे. फोटोचं प्रमाण १:१०,००० असेल आणि काठावरच्या स्थिर खुणा जुळवल्यावर एखादी फांदी पाच सेकंदांत दोन मिलिमीटर सरकलेली दिसली, तर ती प्रत्यक्षात वीस मीटर गेली. वेग सेकंदाला चार मीटर.

जपानच्या रियोसाकू किनोशितांनी होक्काइदोतल्या इशिकारी नदीचे पूर असेच वाचले. १९६७ च्या त्यांच्या अभ्यासात एका फांदीचा नव्हे, अख्ख्या पात्राचा वेग दिसतो. वेगवान आणि संथ पाण्याचे प्रवाहाच्या दिशेने गेलेले लांबच लांब पट्टे त्यात उमटले. काठावर उभं राहून ते कुणाला दिसले असते? मला या साऱ्या कथेतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढे इचिरो फुजिता आणि सहकाऱ्यांनी हे काम व्हिडिओ आणि संगणकावर आणलं. आता ड्रोननेही ते होतं.

फोटोत दिसतो तो पृष्ठभागाचा वेग. पृष्ठभागापासून तळापर्यंतच्या सरासरी वेगासाठी त्याला साधारण ०.८५ ने गुणतात. गढूळ पाण्याखालचा तळ मात्र कुठलाच कॅमेरा दाखवत नाही, आणि पूर तो खरवडून बदलतो. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर आपापल्या नदीचा छेद मोजून ठेवायलाच हवा.