काइट (केरळ)

केरळ इन्फ्रास्ट्रक्चर अँड टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन (संक्षेप: काइट) ही केरळ राज्याच्या सामान्य शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील शासकीय कंपनी आहे. तिचे मुख्यालय तिरुवनंतपुरम येथे आहे. शासकीय व अनुदानित शाळांना संगणकीय साधने, सॉफ्टवेअर, शिक्षक-प्रशिक्षण आणि देखभाल यांची सेवा पुरवणे हे तिचे प्रमुख कार्य होय. आर्थिक स्थिती, भाषा किंवा निवासाचे ठिकाण यांमुळे कोणताही विद्यार्थी तंत्रज्ञानापासून वंचित राहू नये, या तत्त्वास डिजिटल समता म्हणतात. त्या दृष्टीने साधनांच्या वाटपाबरोबरच ती चालू ठेवणारी कायमस्वरूपी यंत्रणा उभारणे, हे काइटच्या कामाचे वैशिष्ट्य आहे.

इतिहास

अंतराळशास्त्रज्ञ उ. रा. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या शिफारशींनंतर केरळमध्ये २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला. जुलै २००५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते एज्युसॅट उपग्रहावर आधारित 'व्हिक्टर्स' या शैक्षणिक सेवेचे उद्घाटन झाले. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे रूपांतर काइट या कंपनीत करण्यात आले.

कार्यपद्धती

जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'हायटेक शाळा' योजनेत ४,७५२ शाळांमधील इयत्ता आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्या लॅपटॉप व प्रोजेक्टर यांनी सुसज्ज करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पुढे प्राथमिक शाळांसाठी 'हायटेक लॅब' योजना राबवण्यात आली. ऑक्टोबर २०२० पर्यंत सुमारे १६,००० शाळांना पावणेचार लाखांच्या आसपास साधने पुरवण्यात आली होती.

साधने बंद पडून कपाटात राहू नयेत यासाठी खरेदीच्या करारातच पाच वर्षांच्या हमीची अट घालण्यात आली. बिघाडाची तक्रार नोंदवण्यासाठी संकेतस्थळ व दूरध्वनी केंद्र उपलब्ध करून देण्यात आले आणि दुरुस्तीस विलंब करणाऱ्या पुरवठादाराकडून दंड आकारण्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे दुर्गम भागातील शाळेलाही शहरातील शाळेइतक्याच हक्काने दुरुस्तीची मागणी करता येते.

मुक्त सॉफ्टवेअर

केरळच्या शाळांमध्ये लिनक्सवर आधारित संगणक प्रणाली वापरली जाते. मुक्त सॉफ्टवेअरमुळे परवाना शुल्काचा खर्च वाचतो आणि तेच सॉफ्टवेअर शिक्षकांना व विद्यार्थ्यांना घरच्या संगणकावरही विनामूल्य बसवता येते. स्थानिक भाषांनुसार त्यात बदल करणेही शक्य होते. मलयाळमखेरीज कन्नड व तमिळ माध्यमाच्या शाळा असलेल्या या राज्यात ही बाब महत्त्वाची ठरते.

लिटल काइट्स

२०१८ मध्ये माध्यमिक शाळांतून 'लिटल काइट्स' ही विद्यार्थी मंडळे स्थापन झाली. त्यांतील विद्यार्थ्यांना ॲनिमेशन, संगणकीय आज्ञालेखन, इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रसामग्रीची प्राथमिक देखभाल शिकवली जाते. शाळेतील साधनांची निगा राखण्यातही त्यांचा सहभाग असतो.

कोविड-१९ काळ

महासाथीमुळे शाळा बंद झाल्यावर १ जून २०२० पासून व्हिक्टर्स वाहिनीवर 'फर्स्ट बेल' या पाठमालेचे प्रसारण सुरू झाले. इंटरनेटपेक्षा दूरचित्रवाणीची पोहोच अधिक असल्याने हे माध्यम निवडण्यात आले. तरीही सुमारे २.६ लाख विद्यार्थ्यांकडे दूरचित्रवाणी संच किंवा इंटरनेट यांपैकी काहीही नसल्याचे राज्यात केलेल्या सर्वेक्षणात आढळले. त्यांच्यासाठी ग्रंथालये, अंगणवाड्या आदी ठिकाणी सामूहिक अभ्यास केंद्रे उघडण्यात आली. २०२१ मध्ये गरजू विद्यार्थ्यांना साधने देण्यासाठी 'विद्याकिरणम्' योजना सुरू झाली. तिच्यात अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य देण्यात आले.

मर्यादा

शाळेतील समान सुविधा घरातील विषमता भरून काढू शकत नाही, हे महासाथीच्या काळात स्पष्ट झाले. डोंगराळ भागातील आदिवासी वस्त्यांमध्ये वीज व मोबाइल जोडणी अपुरी असल्याने केवळ उपकरण मिळूनही शिक्षण सुरळीत होत नाही. शिवाय दूरचित्रवाणीवरील पाठ एकतर्फी असल्याने शंकानिरसनासाठी विद्यार्थ्याला शिक्षकावरच अवलंबून राहावे लागते. शाळेतील व्यवस्थेला घरापर्यंत पोहोचणाऱ्या जोडणीची साथ मिळणे, ही डिजिटल समतेची पुढील गरज ठरते.