लंडनमधला पाहुणा : गांधी आणि नारायण हेमचंद्र

शिक्षणासाठी परदेशी राहिलेल्या माणसांच्या आठवणींत एक प्रसंग हमखास येतो. मायदेशाहून कुणी परिचित येतो आणि वर्षभरापूर्वी स्वतःच नवखा असलेला विद्यार्थी त्याला शहर दाखवायला निघतो. हा प्रसंग बहुधा ठरावीक वळणाने लिहिला जातो. यजमान जाणता, पाहुणा भाबडा आणि हसू पाहुण्याचे. या वळणाबाहेर जाणारे एक प्रकरण गांधीजींच्या आत्मकथेच्या पहिल्या भागात आहे. आप्पा पटवर्धनांच्या अनुवादामुळे हे पुस्तक मराठी वाचकाच्या घरातले झाले आहे. पण शाकाहार आणि धर्मचिंतन यांवरच्या गंभीर प्रकरणांच्या शेजारी असलेले नारायण हेमचंद्रांचे हे प्रकरण गमतीचा मजकूर म्हणून वाचून सोडून दिले जाते. त्याकडे थोडे थांबून पाहावे, एवढाच या टिपणाचा हेतू.

आधी यजमानाची स्थिती. गांधी १८८८ च्या सप्टेंबरअखेर विलायतेत उतरले ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत. तशा पोशाखात आपण एकटेच आहोत हे दिसताच त्यांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांना भेटायला व्हिक्टोरिया हॉटेलात डॉ. प्राणजीवन मेहता आले. तरुण गांधींनी कुतूहलाने त्यांच्या उंच टोपीवरून उलटा हात फिरवला आणि टोपीची लव विस्कटली. मेहतांनी त्यांना रोखले आणि तिथेच पहिला पाठ दिला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, मोठ्याने बोलू नये, पहिल्या भेटीत फार प्रश्न विचारू नयेत, भेटेल त्याला ‘सर’ म्हणू नये. गांधींना शहराची पहिली ओळख झाली ती अशी, निषेधांच्या यादीतून. पुढे बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा पोशाख शिवणे, १९ शिलिंगांची उंच टोपी, रोज दहा मिनिटे आरशापुढे, नृत्य आणि व्हायोलिनची शिकवणी, हे सारे त्याच यादीचे पुढचे धडे होते. हा ध्यास फार काळ टिकला नाही, पण कपड्यांतली काळजी काही वर्षे टिकली, असे ते स्वतःच सांगतात.

अशा या विद्यार्थ्याची नारायण हेमचंद्रांशी गाठ पडली ती नॅशनल इंडियन असोसिएशनच्या मिस मॅनिंग यांच्या घरी. त्या घरी गांधी गप्प बसून असत. कुणी बोलले तरच बोलत. नारायण हेमचंद्र (१८५५–१९०४) हे गुजराती लेखक, वयाने गांधींहून चौदा वर्षांनी वडील. देवेंद्रनाथ ठाकुरांचे लेखन त्यांनी गुजरातीत आणले होते. त्यांचे ‘हुं पोते’ हे आत्मचरित्र पुढे १९०० मध्ये प्रसिद्ध झाले आणि गुजराती आत्मचरित्राच्या इतिहासात आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पण लंडनच्या दिवाणखान्यात हे काही दिसत नव्हते. दिसत होती ती बेढब विजार, चुरगळलेला मळकट तपकिरी पारशी पद्धतीचा कोट, कॉलर-नेकटायचा अभाव, गोंड्याची लोकरी टोपी आणि लांब दाढी.

त्यांना इंग्रजी येत नव्हते. गांधींनी शिकवण्याचे कबूल केले. शिकवणी व्याकरणावर अडली, कारण व्याकरणावाचून आपले कधी अडले नाही असे शिष्याचे म्हणणे. मराठी, हिंदी, बंगाली या भाषा आपल्याला येतात, हवा आहे तो फक्त शब्दसंग्रह; आणि आपले भाषांतर शब्दशः नसते, आपण आशय देतो, पुढच्यांनी हवे तर अधिक नेटके करावे, ही त्यांची भूमिका. भाषांतराच्या वर्गात आपण ज्याला दोष म्हणून शिकवतो, ते या माणसाने जन्मभर पोटतिडकीने केले. पुढे फ्रेंच पुस्तकाचे त्यांनी केलेले भाषांतर तपासताना ते भाषांतर नसून सार आहे, असा शेरा गांधी देतात. मात्र रस्किनचे ‘अन्टु धिस लास्ट’ १९०८ मध्ये गांधींनी ‘सर्वोदय’ नावाने गुजरातीत आणले, तेव्हा त्यांनीही सारच दिले. यात कोणी कोणाचे अनुकरण केले असे म्हणण्याचे कारण नाही; दोघांनाही वाचकाच्या हाती काहीतरी पोचवण्याची घाई होती.

आता शहर दाखवण्याविषयी. या प्रकरणात लंडनचे एकही प्रेक्षणीय स्थळ नाही. आहेत ती दोन खोल्यांमधली ये-जा आणि जेवणे. दोघेही शाकाहारी, गांधी विलायती पद्धतीने गाजराचे सूप करीत, ते पाहुण्याच्या पचनी पडेना. पाहुण्याने कुठूनसे मूग पैदा केले, शिजवले आणि यजमानाकडे नेऊन दिले. म्हणजे लंडनमध्ये मूग मिळतात, हे पाहुण्याने यजमानाला दाखवले!

प्रकरणाचा गाभा आहे तो कार्डिनल मॅनिंग यांच्या भेटीत. १८८९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लंडनच्या गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स मजुरीसाठी मोठा संप केला. तो मिटवण्यात जॉन बर्न्स आणि कार्डिनल मॅनिंग यांचा मोठा वाटा होता. गांधींनी या धर्मगुरूंच्या साधेपणाविषयी सांगताच नारायण हेमचंद्रांनी ठरवले की या सत्पुरुषाला भेटायचेच. गांधींना हे कधी सुचले नसते. पण पत्र लिहिण्याचे काम त्यांचे. त्यांनी लिहिले आणि वेळ मिळाली. गांधी भेटीचा रिवाजी पोशाख चढवून निघाले, पाहुणा त्याच कोटात आणि त्याच विजारीत. गांधींनी थट्टा केली तेव्हा उत्तर मिळाले की तुम्ही सुधारलेले लोक भित्रे असता. थोर माणसे बाहेरचे रूप पाहत नाहीत.

वृद्ध, कृश, उंच कार्डिनल बाहेर आले. नारायण हेमचंद्र गुजरातीत बोलले, गांधींनी इंग्रजीत सांगितले. संपकऱ्यांसाठी आपण केलेल्या कामाबद्दल आभार मानायला आलो, जगातल्या साधुपुरुषांना भेटण्याचा माझा रिवाज आहे, एवढाच आशय. कार्डिनलांनी आशीर्वाद दिला आणि भेट संपली. मिस मॅनिंगच्या घरी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, तो तरुण इथे इंग्लंडमधल्या एका मान्यवर धर्मगुरूपुढे बोलला, कारण शब्द दुसऱ्याचे होते. दुभाष्याला जी मोकळीक मिळते ती इथे दिसते. पत्ता आणि पत्राची रीत यजमानाला ठाऊक होती, दार ठोठावण्याचे धैर्य पाहुण्यापाशी होते.

त्यानंतर एकदा हेच गृहस्थ सदरा-धोतर नेसून गांधींच्या बिऱ्हाडी आले. नवी घरमालकीण घाबरून सांगत आली की कुणी वेडसर माणूस भेटायला आला आहे. गांधींनाही धक्का बसला. रस्त्यात पोरे मागे लागली नाहीत का, या प्रश्नावर, लागली, मी लक्ष दिले नाही तशी गप्प झाली, एवढेच उत्तर. पुढे अमेरिकेत याच पोशाखासाठी त्यांच्यावर असभ्य वेशाचा खटला झाला. ते सुटले, असे गांधींना आठवते.

आठवणींचा पुरावा जपून वापरावा लागतो. आत्मकथा १९२५ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली, म्हणजे घटनांनंतर तब्बल पस्तीस वर्षांनी. तिच्यात पॅरिसचे प्रदर्शन १८९० चे म्हटले आहे, प्रत्यक्षात ते १८८९ मध्ये भरले होते. तेव्हा संवादांतला शब्द न् शब्द खरा मानण्याची गरज नाही. पण हे अंतरच या प्रकरणाची किल्ली आहे. लिहिणारे गांधी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारून चुकलेले होते. घरमालकिणीला ‘वेडसर’ वाटलेल्या वेशाहूनही कमी वस्त्रांत बसून ते हे लिहीत होते. त्यामुळे विनोदाची दिशा फिरते. वाचक आधी गोंड्याच्या टोपीला हसतो आणि मग त्याच्या ध्यानात येते की लेखक हसतो आहे तो रिवाजी पोशाखातल्या तरुणाला.

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधी पुन्हा लंडनला गेले. पूर्व लंडनच्या कामगार वस्तीतल्या किंग्स्ली हॉलमध्ये राहिले आणि बकिंगहॅम राजवाड्यातल्या स्वागताला पंचा व शाल अशा वेशात गेले. याचे श्रेय नारायण हेमचंद्रांना देणे अतिव्याप्त होईल. मधे दक्षिण आफ्रिका आहे, चंपारण आहे, खादी आहे. परंतु परक्या शहरात आपल्या वेशात निःशंक चालता येते, हे गांधींनी प्रथम कोणाच्या ठायी पाहिले असेल, तर आत्मकथेच्या पुराव्याने ते या पाहुण्याच्या ठायी. विद्यार्थ्यांना हे प्रकरण शिकवताना म्हणून एवढाच प्रश्न विचारावा, की या लंडनमध्ये वाट कोण दाखवतो आहे आणि चालतो आहे कोण?