उंची नावाचे माप
(मुष्टियुद्धाच्या शरीरशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रस्तावना)

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलाची उंची एका आकड्यात संपत नाही. बसलेली उंची, पायाची लांबी आणि मांडीची लांबी अशी तीन मापे वेगळी घेतात. बसलेली उंची ९६ सेंटिमीटरच्या वर गेली किंवा मांडी ६४ च्या वर भरली, तर बाकीचे शरीर कितीही तंदुरुस्त असो, कॉकपिटमध्ये ते नीट बसत नाही. हाच मुलगा पुढे ग्लोव्हज चढवून प्रबोधिनीच्या रिंगमध्ये उतरतो, तेव्हा जोड लावताना त्याचे वजन तेवढे पाहिले जाते. एकाच आवारात शरीर मोजण्याच्या या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीचा बारकावा दुसऱ्या ठिकाणी आणला तर काय दिसेल, या कुतूहलातून आपला विषय सुरू होतो. त्यात तुमचे मनापासून स्वागत.

नवा विद्यार्थी पहिला प्रश्न बहुधा हेवीवेटचा विचारतो: फार उंच असणे फायद्याचे की तोट्याचे? प्रश्न चांगला आहे, कारण तो याच गटात खऱ्या अर्थाने उभा राहतो. साठ किलोच्या गटात उंच मुलगा म्हणजे सडपातळ मुलगा. वाढलेल्या प्रत्येक सेंटिमीटरची किंमत तो खांद्याच्या आणि मांडीच्या मांसात मोजतो. व्यावसायिक हेवीवेटला २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९०.७ किलोंच्या वर मर्यादाच नाही. तिथे उंची आणि वजन दोन्ही एकदम वाढवता येते. म्हणून खालच्या गटांतले निष्कर्ष इथे जसेच्या तसे आणू नयेत. ही चूक मी अनुभवी प्रशिक्षकांनाही करताना पाहिले आहे.

आता कॉकपिटची रीत लावू. १९६२ ते १९६४ या काळातला जगज्जेता सॉनी लिस्टन उंचीने सुमारे १८५ सेंटिमीटर होता. निकोलाय वालुएव २१३ सेंटिमीटरचा, हेवीवेट जगज्जेत्यांमध्ये सर्वांत उंच. दोघांत २८ सेंटिमीटरचा फरक. पण हात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा पल्ला मोजला, तर लिस्टनचा ८४ इंच आणि वालुएवचा ८५ इंच नोंदलेला आहे. उंचीच्या तक्त्यात इतक्या लांब उभे असलेले हे दोन पुरुष जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, अंतरावर जवळजवळ सारखेच. उंची हे लांबलचक हाताचे चिन्ह असते, पण खात्रीचे नव्हे. ठोसा हात मारतो. डोके किती वर आहे हा वेगळा हिशेब.

तो हिशेबही लहान नाही. हनुवटी जितकी वर, तितका समोरच्याला खांद्याच्या रेषेच्या वर मारावे लागते. तिथे हात लवकर थकतो आणि ठोशामागे कंबरेचा जोर पुरता येत नाही. याच्या उलट, लांब हाताला वळायला जागा लागते. बुटका प्रतिस्पर्धी जॅबखालून आत शिरला की उंच माणसाच्या हुकला, म्हणजे बाजूने वळवून मारायच्या ठोशाला, जागाच उरत नाही आणि त्याचे लांब धड उघडे पडते. १७८ सेंटिमीटरचा माइक टायसन १९८६ मध्ये विसाव्या वर्षी जगज्जेता झाला तो याच वाटेने, मुंडी हलवत, खाली झुकत. आपल्या तालमीतल्या कुठल्याही वस्तादाला हे नव्याने सांगावे लागत नाही. बुटका मल्ल पटात शिरला की उंच मल्लाची लांबी त्याच्याच अंगावर येते. मुष्टियुद्धात उंच खेळाडूकडे त्यावर एक उतारा असतो: क्लिंच करून, म्हणजे मिठीत धरून, समोरच्याच्या मानेवर आपला भार टाकायचा. लेनॉक्स लुईस आणि व्लादिमीर क्लिच्को यांनी हे तंत्र फार शिस्तीने वापरले.

उदाहरणे देताना सावध राहा. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडोमध्ये जॅक डेम्प्सीने १९९ सेंटिमीटरच्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. ही लढत उंचीविरुद्धचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केली जाते. पण विलर्ड तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि तीन वर्षांत किताबासाठी उतरलेला नव्हता. त्या दुपारी उंची हरली की वय, हे एका लढतीवरून ठरत नाही.

जास्त शिकवणारी लढत माझ्या मते २८ नोव्हेंबर २०१५ची, ड्युसेलडॉर्फमधली. १९८ सेंटिमीटरचा क्लिच्को वर्षानुवर्षे डावा हात पुढे ठेवून समोरच्याला लांब राखत आला होता. त्या रात्री समोर २०६ सेंटिमीटरचा टायसन फ्युरी आला, आणि तो सतत हलत राहिला. आपले नेहमीचे अंतरच क्लिच्कोला सापडले नाही; बाराही फेऱ्यांत त्याचे ठोसे अडखळत राहिले. उलट २००९ मध्ये न्यूरेंबर्गला १९१ सेंटिमीटरचा डेव्हिड हे, जवळपास पंचेचाळीस किलोंनी हलका असून, वालुएवभोवती फिरत गुणांवर जिंकला. आणि २०२४ मध्ये रियाधला १९१ सेंटिमीटरच्याच ओलेक्सांद्र उसिकने फ्युरीला दोनदा हरवले. या लढती शेजारी ठेवल्या की माझा कल असा होतो: सुमारे दोन मीटरपर्यंतची उंची मदत करते, त्यापुढे ती मदत करते ते पाय साथ देतील तोवरच. फ्युरीला पायांनी पुष्कळ काळ साथ दिली, वालुएवला कमी. हा कल आहे, नियम नव्हे. तुम्ही तो मोडून काढलात तर मला आनंदच होईल.

आपल्याकडे या अभ्यासाला सामग्री भरपूर आहे. १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत हेवीवेटचे सुवर्ण जिंकणारे हवा सिंग आणि १९८२ मध्ये दिल्लीत तेच पदक मिळवणारे कौर सिंग, दोघेही लष्करातले. आज लष्कराचे मुष्टियोद्धे पुण्यातल्याच आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये घडतात. खडकवासल्यापासून ते फार लांब नाही.

तर पहिली लढत पाहायला जाल तेव्हा एक टेप आणि एक वही सोबत न्या. परवानगी घेऊन खेळाडूंची उंची लिहा, पण तिच्या शेजारी हाताचा पल्ला, बसलेली उंची आणि पायाची लांबी यांचे रकाने आखा. घंटा झाल्यावर ठोसे मोजू नका. पुढच्या पायांकडे पाहा. दोघांच्या पुढच्या पायांमधले अंतर कोण ठरवतो आहे आणि तिसऱ्या फेरीतही तोच ठरवतो आहे का, ते लिहून ठेवा.