उपवासाचें ताट व पुरीची पाकशाळा

दप्तरांतील सनदा व महजर आपण जपून ठेवितों. कोठीच्या याद्या मात्र रद्दीस जातात. कालनिर्णयास या याद्या किती उपयोगी पडतात, हें दाखविण्याकरितां परभणी जिल्ह्यांतील पोखर्णी हें नृसिंहक्षेत्र व ओडिशांतील जगन्नाथपुरी यांची तुलना आम्ही करितों. पुरी १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालीं होती, तेव्हां ती आपल्यास अगदींच परकी नव्हे.

पुरीच्या देवळांत कांदा-लसणाप्रमाणेंच बटाटा, टोमॅटो व मिरची यांसही मज्जाव आहे. तिखटपणा मिऱ्यांचा व आल्याचा. ओडिया घरांत मात्र डाळ व भाज्या एकत्र शिजवून होणाऱ्या डालम्यांत बटाटा व कच्ची पपई सर्रास पडतात. बटाटा, टोमॅटो, मिरची, पपई हे सर्व जिन्नस मूळचे अमेरिकेंतले. पोर्तुगीज १४९८ त कालिकतास उतरले, त्यानंतर ते इकडे आले. देऊळ जुन्या वळणावर राहिलें, घर पुढें गेलें.

आतां गोदातीरीं यावें. पोखर्णीच्या दक्षिणेस कल्याणी, म्हणजे सांप्रतचें बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथील तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ सुमारें ११३० चा. त्याच्या अन्नभोग प्रकरणांत मांडे, पुऱ्या, वडे आहेत. मिरें, हिंग, आलें, सैंधव आहेत. मिरची अर्थातच नाहीं.

वैशाख शुद्ध चतुर्दशीस, नृसिंहजयंतीस, उपवास करणाऱ्याच्या ताटांत काय असतें? साबुदाण्याची खिचडी, तींत शेंगदाणे, बटाटा व हिरवी मिरची. आजचा आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. म्हणजे चारही जिन्नस अमेरिकेचे! आणि सोमेश्वरास ठाऊक असलेले गहूं-तांदूळ त्या दिवशीं वर्ज्य.

आमच्या मतें याचें कारण असें. उपवासाचा निषेध मुख्यतः धान्यावर. नवे कंद निषेधाच्या यादींत नव्हते, म्हणून ते चालले. पुरीस उलट, देवाच्या भोगाच्या यादींत ते नव्हते, म्हणून अडले. उणीव एकच, निर्णय दोन. यांत इकडचा आचार शिथिल झाला असें म्हणणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. नियमाचें अक्षर दोन्हीकडे पाळलेंच गेलें.

याचा उपयोग संग्राहकांनीं करावा. समाराधनेच्या यादींत मिरची किंवा बटाटा आढळल्यास ती यादी सोळाव्या शतकापूर्वीची नव्हे, मग वरचा शक कांहींही असो. मात्र घाईच्या मोडींत ‘मिरें’ व ‘मिरची’ यांची गल्लत होते. वजन व दर ताडून मगच वाचन ठरवावें.